ईएक्सई आहे, सोर्स कोड नाही: जुन्या प्रोग्रामचा कोड परत कसा मिळवायचा

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, पिंपळगाव-लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांकडे, गल्लीतल्या पतसंस्थांत दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली सॉफ्टवेअर आजही रोज चालतात. लिहून देणारा मुलगा केव्हाच पुण्याला नाहीतर परदेशात गेलेला असतो. काम सुरळीत चाललंय तोवर त्याची आठवण कुणाला येत नाही. मग एक दिवस एखादा दर बदलतो, तेव्हा कळतं की तो दर कोडातच लिहिलाय आणि कोड कुणाकडेच नाही.

माझ्याकडे असं पहिलं काम पिंपळगाव बसवंतहून आलं. कांदा व्यापाऱ्याचा हिशोबपट्टीचा प्रोग्राम होता. ट्रॅक्टर काट्यावरून उतरला की वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई धरून शेतकऱ्याची पट्टी छापायची, एवढंच त्याचं काम. हमालीचा दर वाढला होता आणि प्रोग्राममध्ये तो बदलायची सोयच नव्हती. शेठ छापील पट्टीवर पेनने आकडे खोडून नवे लिहून देत होते. खाडाखोड केलेली पट्टी हातात पडली की शेतकरी हिशोब पुन्हा मागणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मी त्या कामात पहिले तीन दिवस भलत्याच टूलवर घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या. कंपायलर तुमचा कोड मशीनला कळेल अशा रूपात आणताना माणसासाठी असलेलं बरंच काही टाकून देतो. विंडोजवर अशी तयार झालेली, चालवायची फाइल म्हणजे ईएक्सई. कॉमेंट तर सगळ्या जातात. काही भाषांत व्हेरिएबलची नावं जातात, काहींत फंक्शनची नावं आणि डेटाचे प्रकारही जातात. हे उलटं फिरवणाऱ्या टूलला डीकंपायलर म्हणतात. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, पण त्याचं द्राक्ष होत नाही, तसंच इथे आहे. डीकंपायलर देतो तो कोड तसाच वागतो, पण तो मूळ लेखकाचा कोड नसतो. डॉटनेट (म्हणजे सी शार्प वगैरे), जावा आणि फॉक्सप्रोत मूळच्या खूप जवळ जाता येतं. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये फक्त हिशोब कसा चालतो ते कळतं. गिऱ्हाइकाला हे पहिल्या भेटीत सांगा, म्हणजे पैशांचं बोलणं नीट होतं.

१. कोड खरंच हरवलाय का, ते आधी बघा

प्रोग्राम चालतो त्याच संगणकावर सगळ्या ड्राइव्हमध्ये शोध घ्या. डॉटनेट असेल तर एसएलएन आणि सीएसप्रोज, व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) असेल तर व्हीबीपी आणि एफआरएम, फॉक्सप्रो असेल तर पीआरजी आणि एससीएक्स या शेपटाच्या फाइली शोधा. त्या काळी मुलं गिऱ्हाइकाच्याच मशीनवर बसून दुरुस्त्या करायची आणि प्रोजेक्टचा फोल्डर डी ड्राइव्हमध्ये विसरून जायची. जुनी हार्डडिस्क कपाटात पडलेली असते, तीही मागा. ईएक्सईच्या शेजारी पीडीबी फाइल दिसली तर ती जिवापाड जपा. डॉटनेटमध्ये आतल्या व्हेरिएबलची मूळ नावं तिच्यात असतात.

आणि लिहिणाऱ्याला फोन करा. लोक संकोचाने हे टाळतात. आमच्या पट्टीवाल्या प्रोग्रामचा मुलगा सापडला, तेव्हा म्हणाला, “दादा, तो लॅपटॉपच गेला हो. तुम्ही काढा कोड, मी मेल टाकतो.” ती मेल पुढच्या पायरीत सगळ्यात मोलाची ठरली.

२. हक्क कोणाचा, ते लेखी घ्या

पैसे मोजून प्रोग्राम बनवून घेतला म्हणजे कॉपीराइट आपलाच, असा सगळ्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं. बाहेरच्या माणसाने स्वतंत्रपणे लिहून दिलेला प्रोग्राम मात्र करारात तसं ठरलेलं नसेल तर साधारणपणे लिहिणाऱ्याचाच राहतो. कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं. कलम ५२ मध्ये प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला काही सवलती आहेत: बॅकअप प्रत ठेवणं, प्रोग्राम कसा चालतो याचा अभ्यास करणं, आणि दुसरा स्वतंत्र प्रोग्राम त्याला जोडण्यासाठी लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल तर ती मिळवणं. या सवलतींच्या पलीकडे जायचं असेल तर लिहिणाऱ्याची परवानगी घ्या, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

कुणी तयार विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स काढून द्यायला सांगितलं, तर सरळ नाही म्हणा. ते काम हे नव्हे.

३. हे सगळं हाताशी घेऊन बसा

कागद:
- मालकाचं लेटरहेडवरचं पत्र, कोड काढायला परवानगी असल्याचं
- लिहिणाऱ्याचं संमतिपत्र किंवा मेल
- जुनं कोटेशन, बिल, करार, जे सापडेल ते
- छापलेल्या जुन्या पावत्या किंवा रिपोर्ट, निदान शे-दोनशे

फाइली:
- फक्त ईएक्सई नव्हे, इन्स्टॉल झालेला पूर्ण फोल्डर, सगळ्या डीएलएलसकट (प्रोग्रामला लागणाऱ्या जोड-फाइली)
- डेटाबेसचा बॅकअप
- सापडलं तर मूळ सेटअप

छापील पावत्यांचं महत्त्व सातव्या पायरीत कळेल. त्या आत्ताच मागून ठेवा, कारण नंतर रद्दीत गेल्या म्हणून सांगतात.

सगळ्याची प्रत आपल्या मशीनवर घ्या आणि मूळ प्रतीला हात लावू नका. फाइल कुठून आली याची खात्री नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या वेगळ्या, आभासी संगणकात) उघडा.

४. प्रोग्राम कशात लिहिलाय, ते ओळखा

माझे तीन दिवस इथेच गेले. गिड्रा या टूलचं नाव ऐकलं होतं, म्हणून ईएक्सई सरळ त्यात टाकली आणि जे दिसलं त्याचा अर्थ लावत बसलो. गिड्रा सी, सी प्लस प्लसच्या कामाचं, आणि प्रोग्राम होता सी शार्पमध्ये, म्हणजे डॉटनेटमध्ये. योग्य टूल हाती आलं असतं तर पहिल्याच तासात कोड समोर दिसला असता.

‘डिटेक्ट इट ईझी’ नावाचं फुकट टूल आहे. त्यात फाइल ओढून टाकली की भाषा, कंपायलर आणि पॅकर (फाइल दाबून बांधणारं टूल) सांगतं. त्याच्या जोडीला स्वतःही बघायला शिका. विंडोजची ईएक्सई नोटपॅडमध्ये उघडली तर पहिली दोन अक्षरं एम आणि झेड दिसतात, त्यावरून फक्त ती डॉस किंवा विंडोजची प्रोग्राम फाइल आहे एवढंच कळतं. ती कुठल्या डीएलएलवर अवलंबून आहे ते खरं महत्त्वाचं. एमएससीओआरईई असेल तर डॉटनेट. एमएसव्हीबीव्हीएम६० असेल तर व्हिज्युअल बेसिक ६. फोल्डरमध्ये व्हीएफपी९आर दिसली तर व्हिज्युअल फॉक्सप्रो ९.

इथे दोन ठिकाणी पाय अडकतो. नव्या डॉटनेटमध्ये ईएक्सई बऱ्याचदा नुसती दार उघडणारी असते आणि खरा कोड त्याच नावाच्या डीएलएलमध्ये असतो. आणि टूलने यूपीएक्स असं नाव दाखवलं तर फाइल दाबून बांधलेली आहे. ती आधी यूपीएक्सनेच मोकळी करा, नाहीतर कुठल्याच डीकंपायलरला काही दिसणार नाही.

५. भाषेप्रमाणे टूल घ्या

डॉटनेट. आयएलस्पाय घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि नवशिक्याला झेपतं. जेटब्रेन्सचं डॉटपीकही फुकट आणि चांगलं आहे. डीएनस्पायमध्ये कोड बघता बघता डीबग करता येतो. मूळ प्रकल्प २०२० मध्ये थांबला, म्हणून डीएनस्पायईएक्स या नावाने पुढे चालू असलेली आवृत्ती घ्या. डॉटनेटचा कोड इतका चांगला परत मिळतो, कारण ईएक्सईत मशीनची भाषा नसून मधली भाषा असते, आणि क्लास, मेथड, फील्ड यांची नावं मेटाडेटामध्ये तशीच राहतात. आयएलस्पायमध्ये फाइल उघडा, डावीकडे तिच्या नावावर राइट क्लिक करून कोड सेव्ह करा, की प्रोजेक्ट फाइलसकट पूर्ण फोल्डर मिळतो.

जावा. जार फाइल म्हणजे झिपच, ती उघडून बघता येते. आतल्या क्लास फाइलींसाठी सीएफआर किंवा व्हाइनफ्लावर वापरा. इंटेलिजे आयडिया असेल तर त्यात फर्नफ्लावर आधीच आहे, क्लास उघडला की कोड दिसतो. अँड्रॉइडच्या एपीकेसाठी जॅडएक्स.

फॉक्सप्रो. आपल्याकडे पतसंस्था, मेडिकल दुकानं, कारखान्यांची पगारपत्रकं यांत हे अजून भरपूर आहे. शेवटची आवृत्ती ९, ती २००४ ची, आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये तिचा सपोर्ट बंद केला. रीफॉक्स हे पैसे देऊन घ्यायचं टूल आहे, पण प्रोग्राम, फॉर्म आणि व्हेरिएबलची नावंसुद्धा परत देतं. पैसे वसूल होतात. फक्त डेटा हवा असेल तर डीकंपाइल करूच नका. डीबीएफ फाइली बाहेर मोकळ्याच पडलेल्या असतात, त्या थेट उघडा.

व्हीबी ६. हे अर्धवट पदरात पडतं. प्रोग्राम पी-कोडमध्ये (एका मधल्या भाषेत) कंपाइल केलेला असेल तर व्हीबी डीकंपायलर बऱ्यापैकी कोड देतो. नेटिव्ह कोडमध्ये (थेट मशीनच्या भाषेत) असेल, आणि बहुतेक वेळा तसाच असतो, तर फॉर्म, बटणांची नावं आणि इव्हेंटची नावं मिळतात, आतला हिशोब असेंब्लीत वाचावा लागतो. अशा वेळी फॉर्म परत घेऊन हिशोब नव्याने लिहिणं मला स्वस्त वाटतं.

पायथन. पायइन्स्टॉलरने बनवलेली ईएक्सई असेल तर पायइन्स्टएक्स्ट्रॅक्टरने ती सोडवा, आतल्या पीवायसी फाइली मिळतील. पायथनची आवृत्ती बघूनच पुढचं टूल निवडा. अनकंपाइल६ हे ३.८ पर्यंतच चालतं, त्यापुढच्यांसाठी पीवायसीडीसी वापरून बघा, पण काही फंक्शन अर्धी येतील.

सी, सी प्लस प्लस, डेल्फी. इथे मात्र गिड्राच घ्या. अमेरिकेच्या एनएसएने ते २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे, पण चालायला जावाचा जेडीके लागतो. आयडीए त्याहून जुनं आणि तयारीचं आहे, पण महाग. त्याच्या क्रॅक केलेल्या प्रती नेटवर फिरतात, त्यांच्या जवळही जाऊ नका. अशा प्रतीत व्हायरस पेरून नेमके हे काम करणारेच लोक गाठण्याचे प्रकार झालेत. डेल्फीसाठी आयडीआर नावाचं वेगळं टूल आहे, ते फॉर्म आणि इव्हेंट ओळखून देतं.

एक कडक सूचना. ‘ऑनलाइन डीकंपायलर’ शोधून गिऱ्हाइकाची ईएक्सई कुठल्याही वेबसाइटवर चढवू नका. त्या काळच्या प्रोग्राममध्ये डेटाबेसचा पासवर्ड सरळ कोडातच लिहिलेला असतो. आमच्या पट्टीच्या प्रोग्राममध्येही होता.

६. कोड निघाला, आता तो वाचा

पहिल्यांदा काहीही न बदलता बिल्ड करून, म्हणजे कोडापासून पुन्हा ईएक्सई बनवून बघा. डॉटनेटमध्ये पहिल्या खेपेला थोड्याफार चुका येतातच: एखादी डीएलएल सापडत नाही, फ्रेमवर्कची आवृत्ती जुळत नाही, इव्हेंट जोडण्याची एखादी ओळ वाकडी आलेली असते. एकेक करून निस्तरा. विंडोज फॉर्ममध्ये डिझायनरचा कोड वेगळ्या फाइलीत न येता त्याच फाइलीत येतो, त्याला घाबरू नका.

मग नावं द्यायला घ्या. मेथडचं नाव ‘पट्टीसेव्ह’ असं मूळचं असेल, पण आत सगळं नम, नम२, नम३, टेक्स्ट, फ्लॅग. त्या नावांवरून काही कळत नाही, म्हणून मी छापील पट्टी शेजारी ठेवतो आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या रकान्यापासून मागे जातो. ‘हमाली’च्या टेक्स्टबॉक्समध्ये नम४ जातोय, म्हणजे नम४ ही हमाली. नम४ हा नम२ ला दराने गुणून आलाय, म्हणजे नम२ क्विंटल. असं एक नाव कळलं की लगेच बदलून टाका, त्यामुळे पुढचं सोपं होतं. एआयकडून नावं सुचवून घेता येतात, पण पासवर्ड आणि गिऱ्हाइकाची माहिती काढूनच कोड द्या, आणि सुचलेलं नाव पट्टीशी ताडून मगच घ्या.

आता तो सापळा, ज्यात मी स्वतः अडकलो. कोडात वरच हमालीच्या दराचा कॉन्स्टंट (नाव देऊन ठेवलेला पक्का आकडा) दिसला. मला वाटलं, झालं काम. आकडा बदलला, बिल्ड केलं, पट्टी छापली, तर दर जुनाच. सी शार्पचा कंपायलर कॉन्स्टंटची किंमत जिथे जिथे वापरली आहे तिथे तिथे सरळ आकडा म्हणून कोरून टाकतो. मूळ कोडात त्या ठिकाणी नाव होतं, परत मिळालेल्या कोडात नुसता आकडा आला. वरची ओळ बदलून खाली काहीच फरक पडला नाही. तो आकडा तीन ठिकाणी होता: पट्टीत, दिवसाच्या गोषवाऱ्यात आणि पट्टी दुरुस्त करायच्या स्क्रीनवर. म्हणून दर, टक्के, मर्यादा असा कुठलाही आकडा बदलायचा असेल तर पूर्ण प्रोजेक्टमध्ये तो आकडाच शोधा आणि प्रत्येक जागी तो नेमका कशाचा आहे ते बघा. तोच आकडा दुसऱ्या कुठल्या गोष्टीचाही असू शकतो.

गिड्रात वाचताना नावांची आशा सोडा. फंक्शनला नाव म्हणून पत्ता असतो आणि व्हेरिएबलना क्रमांक. तिथे मजकुरापासून सुरुवात करा. प्रोग्राममधले सगळे मजकूर शोधायची सोय त्यात आहे. चूक झाली की दिसणारा संदेश किंवा एसक्यूएलची क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारी ओळ) शोधा, ती कुठून वापरली आहे ते विचारा, की नेमक्या फंक्शनवर जाऊन पोचता. क्वेरी ईएक्सईत जशीच्या तशी वाचता येते आणि टेबल-रकान्यांची नावं त्यातूनच मिळतात. नुसत्या क्वेरी वाचून अर्धा प्रोग्राम समजल्याचा अनुभव मला दोनदा आलाय.

आपल्या मराठी प्रोग्रामची एक खास अडचण इथे येते. युनिकोड रुळण्याआधीची सॉफ्टवेअर श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टवर चालायची. त्यामुळे ‘वजन’ हा शब्द ईएक्सईत मराठीत नसतो, निरर्थक दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या रूपात असतो. तो कचरा समजून सोडून देऊ नका. कॉपी करून वर्डमध्ये टाका आणि तो फॉन्ट लावा, शब्द वाचता येईल. फॉन्ट कुठला ते फोल्डरमध्ये किंवा फॉर्मच्या माहितीत सापडतं.

नावं मुद्दाम ए, बी, सी अशी बिघडवलेली असतील तर प्रोग्रामवर ऑबफस्केटर चालवलाय. लिहिणाऱ्याने कोड झाकायचं ठरवलं होतं, असा त्याचा अर्थ आहे. दुसरी पायरी पुन्हा तपासा आणि संमती हातात असेल तरच पुढे जा.

७. जुन्या पावत्यांवर ताडून बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिन्याभराने फोन येतो. डेटाबेसच्या प्रतीवर जुना प्रोग्राम आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवा. दर बदलण्याआधीचा नवा बिल्ड घ्या आणि शे-दोनशे जुन्या पट्ट्या पुन्हा काढा. प्रत्येक आकडा पैशापर्यंत जुळला पाहिजे. तो जुळल्यावरच दर बदला.

कोड दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिणार असाल तर राउंडिंगकडे डोळ्यात तेल घालून बघा. डॉटनेटचं मॅथ राउंड आणि व्हीबी ६ चं राउंड बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम आकड्याकडे नेतात. म्हणजे १२.५० चे १२ होतात आणि १३.५० चे १४. जावास्क्रिप्टचं राउंड १२.५० चे १३ करतं आणि १३.५० चे १४. दुसरं उदाहरण दोन्हीकडे सारखंच येतं, म्हणून दोन-चार पट्ट्या तपासून चूक सापडतच नाही. शेठना मोबाइलवर पट्टी हवी होती, म्हणून तो हिशोब मी नंतर जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. दीडशेपैकी चार पट्ट्यांत एका रुपयाचा फरक आला. शेठ म्हणाले, “एक रुपयाने काय होतंय?” पण शेतकऱ्याच्या हातात आधीची पट्टी असते, वहीत वेगळी रक्कम निघाली की तो दोन्ही समोर ठेवून विचारतो. तो रुपया शोधायला दुपार गेली आणि ती घालवायलाच हवी होती.

८. कोड पुन्हा हरवू नये म्हणून

पहिल्यांदा जसा बाहेर आला तसाच, काही न बदलता, गिटमध्ये (कोडातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) टाका. दुसऱ्या नोंदीत बिल्ड होण्यासाठीच्या दुरुस्त्या, तिसऱ्या नोंदीपासून तुमचे बदल. पुढे कुठे बिनसलं तर मूळ काय होतं ते लगेच दिसतं. कोडातला डेटाबेसचा पासवर्ड बदलून बाहेरच्या कॉन्फिग फाइलीत न्या, आणि दरांसाठी डेटाबेसमध्ये एक साधं टेबल आणि एक स्क्रीन करा. आमच्या प्रोग्राममध्ये आता हमालीचा दर शेठचा मुलगा स्वतः बदलतो, तारखेसकट.

शेवटी पूर्ण प्रोजेक्ट, लागणाऱ्या डीएलएल, व्हिज्युअल स्टुडिओची आवृत्ती आणि बिल्ड कसं करायचं ते मराठीत लिहिलेलं एक पान असं सगळं पेनड्राइव्हमध्ये घालून मालकाला द्या आणि मिळाल्याची सही घ्या. पिंपळगावच्या शेठनी तो पेनड्राइव्ह पाकिटात घालून, वर ‘पट्टी प्रोग्राम’ असं लिहून, गाळ्याच्या कागदपत्रांबरोबर तिजोरीत ठेवलाय.